मांजर झोपेत आवाज काढतंय? आधी ऐका, मग श्वास मोजा

रात्री दीड-दोन वाजलेले असतात, घरात सगळे गाढ झोपलेले, आणि पायाशी गोळा होऊन झोपलेल्या मांजराच्या तोंडून अचानक 'कुंईं कुंईं' ऐकू येतं, किंवा चक्क माणसासारखं घोरणं, किंवा लांबून कोणी शीळ घालतंय असं काहीतरी, आणि आपण ताडकन उठून बसतो. मग मोबाईल काढून शोधायला लागायचं, आणि पाच मिनिटांत एकीकडे 'काही नाही, स्वप्न आहे' आणि दुसरीकडे 'ताबडतोब डॉक्टरकडे न्या' असे दोन्ही सल्ले मिळतात. हे ज्यांच्यासोबत झालंय त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आमच्याकडे दोन मांजरं. बोका खंड्या आणि भाटी सोनी. खंड्या दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा झोपेत ओरडला, पाय झाडत होता, ओठ थरथरत होते, मी घाबरून त्याला गदागदा हलवून उठवलं आणि रात्रीच रिक्षा करून डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पुढे दोन वर्षांनी आठ वर्षांची सोनी आजारी पडली तेव्हा तिने कसलाच आवाज काढला नाही. शांत झोपलेली दिसायची. मला तोपर्यंत श्वास मोजायची सवय लागली होती म्हणून कळलं, मिनिटाला ४६ श्वास होते, आणि एक्स-रे काढल्यावर दिसलं की हृदयाच्या आजारामुळे छातीत पाणी साठलंय. म्हणून आवाजांबद्दल सांगतेच, पण श्वास मोजणं शिकल्याशिवाय आवाजांची नुसती यादी फार उपयोगाची नाही असं माझं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट: उठवू नका, लाईट लावू नका

आवाज आला की हात लावायचा मोह होतो. थांबा. झोपेतून दचकून उठलेलं मांजर ओळखीच्या माणसालाही बोचकारतं, त्यात त्याचा काही दोष नसतो. शिवाय उठवलं की आवाज बंद, श्वास बदलला, म्हणजे जे बघायला हवं होतं तेच गेलं. मोबाईलचा मंद उजेड बाजूच्या भिंतीवर टाका आणि एक-दोन मिनिटं नुसतं बघा. फारच वाटलं तर हात न लावता हळू आवाजात नावाने हाक मारा. स्वप्नातलं मांजर कान हलवतं, डोळा किलकिला करून बघतं आणि बऱ्याचदा कूस बदलून परत झोपतं.

उघड्या तोंडाने धापा टाकत असेल तर मात्र हे काही लागू नाही, मग सरळ 'कधी निघायचं' या भागाकडे जा.

झोप कुठली चालू आहे ते ओळखा

मोठं मांजर दिवसाचे साधारण १२ ते १६ तास झोपतं, पिल्लं आणि म्हातारी मांजरं त्याहून जास्त. पण त्यातली बरीचशी झोप म्हणजे डुलकी. पुढचे पाय पोटाखाली घेऊन, मान ताठ ठेवून, कान मात्र दारावरच्या आवाजाकडे फिरत असतात, ती डुलकी. त्यानंतर अंग सैल पडतं, श्वास संथ आणि एकसारखा होतो, ती गाढ झोप. आणि मग मधूनच पाच-सात मिनिटांचा स्वप्नाच्या झोपेचा टप्पा येतो. पापण्यांखाली बुबुळं इकडेतिकडे पळतात, मिशा आणि शेपटीचं टोक फुरफुरतं, पंजे चालल्यासारखे हलतात, श्वास कधी भरभर, कधी एक क्षण थांबल्यासारखा. बहुतेक विचित्र आवाज याच वेळी येतात.

गंमत म्हणजे माणसाच्या स्वप्नांच्या झोपेबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं मांजरांमुळे कळलंय. फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जुवे नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करताना पाहिलं की या टप्प्यात मेंदू जागा असल्यासारखा कामात असतो आणि मानेचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडलेले असतात, म्हणून त्याने या झोपेला विरोधाभासी झोप म्हटलं. हे स्नायू ढिले ठेवण्याचं काम मेंदूच्या बुंध्यातला एक छोटा भाग करतो, त्याला इजा केलेली मांजरं झोपेतच उभी राहायची, दबा धरायची, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालायची. त्या मांजरांचं वाईट वाटतंच, पण आपल्या घरातलं मांजर झोपेत 'कुंईं' का करतं याचं उत्तर तिथेच आहे. शरीराला कुलूप लागलेलं असतं, आणि त्या कुलुपाच्या फटीतून थोडी हालचाल, थोडा आवाज निसटतो.

यातून एक कामाची खूण मिळते. स्वप्नाच्या झोपेत मान टाकावीच लागते, म्हणून निरोगी मांजर दिवसातून कधीतरी अंग पसरून, डोकं टेकवून झोपतंच. जे मांजर कालपर्यंत सोफ्यावर लोळत होतं ते आता कायम बसूनच झोपतंय, कोपरं अंगापासून लांब ठेवतंय, मान पुढे ताणतंय, तर त्याला आडवं पडल्यावर श्वास घ्यायला त्रास होतोय असं समजा, आवाज येवो न येवो.

आवाजाला नेमका शब्द द्या

डॉक्टरांना 'विचित्र आवाज काढते हो' असं सांगून काही कळत नाही. आपल्या भाषेत आवाजांना इतके नेमके शब्द आहेत, तेच वापरायचे. आवाज नाकातला, घशातला की छातीतला, हे त्या शब्दावरूनच निम्मं कळतं.

कुंईं कुंईं, चुकचुक, बारीक म्याव, खिडकीतल्या कबुतराकडे बघून करतात तशी जबड्याची थरथर, एखादा दबका फिस्कार: स्वप्न. काही सेकंदांत थांबतं, परत येतं, उठल्यावर मांजर आळस देतं आणि वाटीकडे जातं. आईपासून फार लवकर तोडलेली पिल्लं मोठी झाल्यावरही झोपेत दूध प्यायल्यासारखा चुटचुट आवाज करतात, पांघरूण चोखतात, त्यात काळजीचं काही नाही. अगदी नवजात पिल्लं तर झोपेत सतत झटकत असतात, मिनिटभरही स्थिर नसतात, मेंदू आणि मज्जासंस्था तयार होत असताना हे असंच असतं. त्यांना आकडी आली समजून उचलू नका.

घोरणं, म्हणजे घर्रर्र असा जाड, खालच्या सुरातला आवाज. हा नाकाच्या मागच्या भागातून आणि घशाच्या वरून येतो. पर्शियन, हिमालयन, एक्झॉटिक शॉर्टहेअर अशा चपट्या तोंडाच्या मांजरांत, ज्याला आपल्याकडे विकणारे 'पंच फेस' म्हणतात, हे फार दिसतं, कारण कवटी लहान केली पण आतलं मांस तेवढंच राहिलं, नाकपुड्या फटीएवढ्या आणि टाळूचा मऊ भाग लांब. 'ही जातच घोरते' असं म्हणून सोडून देतात लोक, मला ते पटत नाही. जात घोरते हे खरं, पण म्हणून त्या मांजराला त्रास होत नाही असं नाही, खेळताना लवकर दमत असेल, उन्हाळ्यात धापा टाकत असेल, तर नाकपुड्या थोड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया असते, डॉक्टरांना नक्की विचारा.

साधं देशी मांजर घोरत असेल तर पहिला संशय वजनावर. नसबंदीचं ऑपरेशन करून घरातच बसलेला बोका, दिवसभर कोरड्या खाण्याने भरलेली वाटी, आणि वजन सहा-सात किलो, मग घशाभोवतीची चरबी हवेची वाट अडवते. साधारण साडेतीन ते पाच किलो हे बहुतेक देशी मांजरांचं बरं वजन. मोजायचं सोपं आहे, आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग मांजर कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करा. कधी कधी नुसती झोपायची पद्धतही कारण असते, मान मुडपून उशीच्या कोपऱ्यात डोकं खुपसलेलं असतं, कूस बदलली की घोरणं बंद. ते तसंच असेल तर विसरून जा.

पण आधी कधीच न घोरणारं सडपातळ मांजर आता घोरायला लागलंय, हे नवीन आहे, याची दखल घ्यायची. तरुण मांजरांमध्ये कानाच्या आतल्या बाजूपासून घशाकडे वाढणारा पॉलिप म्हणजे मांसाचा गोळा असू शकतो, त्यात घोरण्याबरोबर डोकं हलवणं, कान खाजवणं दिसतं, भूल देऊन तो काढता येतो. म्हाताऱ्या मांजरात नाकातली गाठ असू शकते, एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येत असेल तर वाट बघू नका. आणि गवत खाणाऱ्या मांजरांचं एक वेगळंच दुखणं असतं, उलटी करताना गवताचं पातं घशातून वर जाऊन नाकाच्या मागे अडकतं, मग अचानक एका दिवसापासून शिंका, गिळल्यासारखं करणं, झोपेत खर्र खर्र. बाल्कनीत गवती चहाची कुंडी असेल आणि मांजर ती चावत असेल तर हे आठवा, त्या पात्यांना धार असते.

सूं सूं, फुरफुर, नाक चोंदल्यासारखं: सर्दी. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेकदा हर्पीस विषाणू किंवा कॅलिसी विषाणू असतो. हर्पीस एकदा झाला की शरीरात कायम राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो, म्हणजे घर बदललं, नवीन मांजर आणलं, दिवाळीचे फटाके झाले, की आठवड्याभरात परत शिंका आणि डोळ्यांतून पाणी. म्हणून रस्त्यावरून उचललेल्या पिल्लांपैकी बरीच जण आयुष्यभर झोपेत फुरफुरतात. खाणं-खेळणं नीट असेल तर घाई नाही. पण नाक बंद म्हणजे वास नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही, आणि मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः जाडं असेल तर, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी मीठ-कांदा-लसूण काहीही न घालता उकडलेला बांगडा किंवा चिकन कोमट करून द्या, कोमट खाण्याचा वास जास्त येतो.

शीळ, म्हणजे बारीक, वरच्या सुरातला, श्वास आत घेताना येणारा आवाज. हा स्वरयंत्राजवळची वाट अरुंद झाल्याचा आवाज आहे. हा आवाज 'बघू उद्या' वर टाकायचा नाही. म्याव करण्याचा आवाज बदललाय का, गिळताना ठसका लागतोय का, हेही बघा.

छातीतली सांय सांय, श्वास सोडताना येणारी, आणि त्याबरोबर कोरडा खोकला: दमा. मांजरांना दमा होतो हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. मांजर झोपेतून उठतं, जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, खक् खक् करतं, आणि शेवटी काहीच बाहेर पडत नाही. घरातले म्हणतात केसांचा गोळा अडकलाय. केसांच्या गोळ्यात पोट आत-बाहेर होतं, उबळ येते आणि शेवटी गोळा किंवा फेस पडतो. महिन्यातून चार वेळा 'गोळा अडकतो' आणि गोळा मात्र कधीच दिसत नाही, तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. दम्यावर औषधं चांगली आहेत, स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि लहान बाळांना लावतात तसा मास्क असलेल्या स्पेसरमधून पंपही देता येतो, चार-आठ दिवस खाऊचं आमिष दाखवून सवय करावी लागते एवढंच.

गुरगुर. झोपेत जाताना, झोपेतून अर्धवट उठताना मांजर गुरगुरतं, हे आपल्या सगळ्यांचं आवडतं. ही गुरगुर श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा सलग चालते. २०२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मांजराच्या स्वरतंतूंमध्ये गादीसारखे छोटे उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे एवढ्याशा प्राण्यातून इतका खालचा सूर निघतो. पण गुरगुर म्हणजे सुखच असं धरून चालू नका. दुखत असताना, ताप असताना, शेवटच्या दिवसांतही मांजरं गुरगुरतात, स्वतःला शांत करतात म्हणा. खात नाही, लपून बसलंय आणि गुरगुरतंय, तर ती गुरगुर वेगळी.

दात करकरणं: दातांचं दुखणं, हिरड्या सुजणं, किंवा किडनीच्या आजारातली मळमळ. तोंडाला वास येत असेल, एका बाजूने चावत असेल तर दात तपासून घ्या. पोटाची गुडगुड आणि पिल्लांची उचकी, ही भरभर खाण्याची कामं, त्यावर जास्त लिहीत नाही.

श्वास मोजायचा कसा

हे खरं काम. मांजर गाढ झोपेत असताना मोजायचं. मिशा फुरफुरत असतील तर स्वप्न चालू आहे, श्वास वेडावाकडा असणारच, ते संपेपर्यंत थांबा. गुरगुरत असेल, नुकतंच खेळून आलं असेल, मे महिन्यातल्या दुपारी पंख्याशिवाय झोपलं असेल, तरी तो आकडा धरू नका.

बरगड्यांकडे बघा, छाती वर जाऊन खाली आली की एक. दोन्ही मिळून एकच, इथे बरेच जण चुकतात आणि दुप्पट आकडा काढून घाबरतात. मोबाईलवर ३० सेकंदांचा टायमर लावा, मोजा, दोनने गुणा. काळ्या किंवा खूप केसाळ मांजराची छाती दिसत नाही, मग त्याच्या पाठीमागच्या चादरीची घडी कशी हलतेय ते बघा, किंवा अंगावर कापसाचा हलका तुकडा ठेवा.

निरोगी मांजराचा झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या खाली असतो, बऱ्याच जणांचा विशीच्या आसपास. आज एकदा मोजून उपयोग नाही, तब्येत चांगली असतानाच आठवडाभर रोज मोजा म्हणजे तुमच्या मांजराचा आकडा तुम्हाला कळेल. आमच्या घरी हे कालनिर्णयवर लिहितो, दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकोनात. ज्याचा नेहमी १८ असतो त्याचा चार दिवस २८ आला तर तो ३० च्या आत असूनही बदल आहे, फोन करून विचारावं. ३० च्या वर आला तर पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजा, पुन्हा तेच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ४० च्या वर असेल, किंवा श्वासाबरोबर पोट जोरात आत-बाहेर ओढलं जात असेल, तर निघा.

एवढं श्वासावर का अडून बसलेय, तर मांजरांमध्ये हृदयाचा सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे हृदयाच्या भिंती जाड होणं, आणि तो वर्षानुवर्षं काहीच न दाखवता असू शकतो. कुत्र्याला हृदयाचा त्रास झाला की खोकतं तरी, मांजर सहसा खोकतही नाही. फक्त जास्त झोपतं, आणि त्या झोपेतला श्वास वाढतो. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हा आजार वंशातून येऊ शकतो हे माहीत आहे, पण साध्या देशी मांजरांनाही होतो, सोनी देशीच आहे.

स्वप्न की आकडी

खंड्याच्या वेळी मला हा फरक माहीत असता तर त्या रात्री रिक्षा शोधत फिरावं लागलं नसतं. स्वप्नात झटके लहान असतात, कधी पंजा, कधी ओठ, कधी शेपटी, अंग सैल असतं, हाक मारली की जाग येते आणि आल्या आल्या मांजर तुम्हाला ओळखतं. आकडीत अंग ताठ होतं, चारही पाय एकसारखे जोरात वल्हवल्यासारखे चालतात, लाळ गळते, बऱ्याचदा शू किंवा शी होते, हाक मारून काही होत नाही, आणि थांबल्यावर मांजर बराच वेळ बावरलेलं असतं, भिंतीला धडकतं, ओळखत नाही. आकडी असेल तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागोमाग दुसरी आली, तर त्याच अवस्थेत घेऊन निघायचं. थांबली तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

अजून एक आवाज आहे, कुणाच्याही घरी तो येऊ नये. झोपलेलं मांजर अचानक किंकाळी फोडून उठतं, मागचे पाय ओढत फरपटतं, आणि त्या पायांना हात लावला तर थंडगार, तळवे फिकट किंवा निळसर. उडी मारताना लागलं असेल असं वाटतं. बऱ्याचदा ती रक्ताची गुठळी असते, हृदयातून सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली. भयंकर दुखतं. चोळत बसू नका, शेकू नका, तास घालवू नका.

म्हातारी मांजरं रात्री रडतात तेव्हा

दहा-बारा वर्षांपुढचं मांजर रात्री झोपेतून उठून लांबलचक, घशातून ओरडतं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहतं, तेव्हा 'रात्री मांजर रडणं अशुभ' म्हणून त्याला घराबाहेर घालवणारे लोक मी पाहिलेत आणि फार वाईट वाटतं. ते मांजर गोंधळलेलं असतं. म्हातारपणची विस्मृती मांजरांनाही होते. ऐकू येणं कमी झालं की स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून जोरात ओरडतात. थायरॉइड वाढलेलं असतं, रक्तदाब वाढलेला असतो, त्यातून अचानक आंधळेपणही येऊ शकतो, किंवा सांधे दुखत असतात. रक्त तपासणी आणि रक्तदाब बघितला की यातलं बरंच पकडता येतं आणि औषधाने फरक पडतो. तोपर्यंत रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, पाण्याची वाटी आणि मातीचा ट्रे जवळ आणा, आणि उठून एकदा पाठीवरून हात फिरवा.

घरातली हवा तपासा

मांजराचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं आणि आपण देवासमोर उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री खाटेखाली मच्छर कॉइल लावतो, त्याच खोलीत ते सोळा तास झोपतं. दमा असलेल्या मांजराला हा धूर थेट लागतो. सिगारेट, फिनेलचा उग्र वास, रूम फ्रेशनर, नवीन रंग, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, मातीच्या ट्रेमधली बारीक धूळ, एसीची न धुतलेली जाळी, हेही त्यातच. दोन आठवडे हे सगळं बंद करून बघा, उदबत्तीऐवजी फूल वाहा, कॉइलऐवजी मच्छरदाणी, आणि झोपेतला आवाज कमी होतो का त्याची नोंद ठेवा. कमी झाला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, निदानाला त्याची मदत होते.

व्हिडिओ काढा

दवाखान्यात टेबलावर ठेवलं की मांजर श्वाससुद्धा जपून घेतं, झोपेतला आवाज तिथे ऐकू येणं शक्यच नाही. म्हणून व्हिडिओ. टीव्ही, पंखा शक्य असेल तर बंद, फोन आडवा, एक मिनिटभर पूर्ण अंग दिसेल असं बाजूने, छाती आणि पोट दोन्ही फ्रेममध्ये, आणि मग थोडं जवळून तोंड आणि नाकपुड्या. बरोबर चार गोष्टी लिहून न्या: आवाज कधीपासून, किती वेळा, श्वास आत घेताना की सोडताना, आणि गेल्या काही दिवसांतले श्वासाचे आकडे. वजन घटलंय का तेही.

कधी निघायचं

आत्ता, रात्रीचे तीन वाजले असले तरी: तोंड उघडं ठेवून श्वास, हिरड्या किंवा जीभ निळसर, राखाडी किंवा पांढरीफटक, पोट ओढून घेतलेला श्वास, आडवं न होता मान ताणून बसणं, न थांबणारी आकडी, मागचे पाय गेलेले. टोपलीत किंवा कॅरियरमध्ये ठेवा, छातीशी घट्ट कवटाळू नका, गोणीत तर मुळीच घालू नका, वर हलका पंचा टाका, हवा खेळती ठेवा, आणि वाटेतूनच दवाखान्यात फोन करून ऑक्सिजन आहे का विचारा. हे इतकं महत्त्वाचं आहे की आजच, मांजर ठणठणीत असताना, रात्री चालू असलेला आणि ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना शोधून नंबर फोनमध्ये ठेवा. श्वास लागलेल्या मांजराला तिथे पोचल्यावर आधी ऑक्सिजन द्यायला लागतो, एक्स-रे नंतर, डॉक्टर तसं म्हणाले तर घाई करू नका, ते बरोबर करत असतात.

दोन-तीन दिवसांत: नवीन सुरू झालेलं घोरणं, एकाच नाकपुडीतून स्राव, वारंवार कोरडा खोकला, दात करकरणं, खाणं कमी होणं. शीळ ऐकू आली तर त्याच दिवशी. पुढच्या लसीकरणाच्या वेळी सांगितलं तरी चालेल: वर्षानुवर्षं तसंच असलेलं हलकं घोरणं, जुनी फुरफुर, स्वप्नातली कुंईं कुंईं. गावात फक्त गाई-म्हशींचे डॉक्टर असतील तर मुंबईत परळला, सातारा जिल्ह्यात शिरवळला, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यात दाखवता येतं.

घरी हे करू नका

पॅरासिटामॉल देऊ नका, पाव गोळीही नाही, एक छोटा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो. आपल्या सर्दीच्या गोळ्या, मुलांचं खोकल्याचं औषध, काहीही नाही. छातीला बाम, कापूर, निलगिरीचं तेल लावू नका, मांजर ते चाटतं आणि त्याचं यकृत ते पचवू शकत नाही. वाफ द्यायची तर साधी, म्हणजे बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा आणि मांजराला घेऊन दहा मिनिटं आत बसा, पाण्यात काही टाकू नका, भांड्यावर तोंड धरू नका. दम्याचा संशय असेल तर हेही डॉक्टरांना विचारूनच. आणि घोरणं कमी व्हावं म्हणून जाड्या मांजराला उपाशी ठेवू नका, वर सांगितलेला यकृताचा धोका असतो. वाटी दिवसभर भरलेली ठेवायचं बंद करा, मोजून तीन-चार वेळा द्या, कोरडं कमी करून ओलं वाढवा, रोज पंधरा मिनिटं दोरी फिरवून पळवा. सहा महिने लागतील, लागू देत.

सोनीच्या छातीतलं पाणी सुईने काढलं, आता रोज दोन वेळा गोळ्या चालू आहेत, चिकनच्या तुकड्यात लपवून. खंड्या अजूनही झोपेत कुंईं करतो. ती अजूनही काही आवाज करत नाही, रात्री सगळं आवरलं की मी तिच्याशेजारी बसून अर्धा मिनिट मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. काल २२ होते.